सगळ्यांनी लिहायचं, मगच मोकळं वाजवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमची सतारीची चांगली तालीम झालेली आहे. सोबत व्हायोलिन वाजवणारा एक मित्र आणि पियानो वाजवणारी एक मैत्रीण आहे, दोघंही पाश्चात्त्य अभिजात संगीत शिकलेले. तिघांना मिळून असा गट करायचाय, ज्यात लिहिलेली रचनाही असेल आणि तिथल्या तिथे सुचलेलंही. पण मोकळं वाजवायला बसलात की दर वेळी तेच ते निघतं आणि लिहून काढलं की त्यातला जीव जातो. शिकागोच्या आर्ट एन्सेम्बल या जॅझ गटाची ध्वनिमुद्रणं ऐकलीत तेव्हा ती निव्वळ गोंधळ वाटली. तरीही त्यात काहीतरी पक्कं ठरलेलं आहे असं जाणवत राहिलं. ते लोक हे कसं जमवतात, असं तुम्ही विचारलंय.

मी चेलो वाजवते. बरीच वर्षं समोर स्कोअर, म्हणजे लिहिलेली स्वरलिपी, ठेवून वाजवण्यात गेली, बरीच स्कोअरशिवाय, आणि आता बहुतेक काम या दोन्हींच्या मधल्या जागेत असतं. त्या अनुभवावरून सांगते की तुमची अडचण वाजवण्यातली नाही, लिहिण्यातली आहे. रचना संपली की उपज, म्हणजे तिथल्या तिथे सुचलेलं वाजवणं, सुरू, उपज संपली की पुन्हा रचना, अशी तुमची मांडणी दिसते. शिकागोच्या मंडळींनी नेमकी हीच मांडणी मोडली, आणि त्यांचा मार्ग असा की गटातल्या प्रत्येकाला संगीतकार व्हायला भाग पाडायचं.

1965च्या मे महिन्यात शिकागोच्या साउथ साइड भागात चार कृष्णवर्णीय वादकांनी इतरांना बोलावून बैठक घेतली. पियानोवादक मुहाल रिचर्ड अब्राम्स आणि जोडी ख्रिश्चन, ड्रमर स्टीव्ह मॅकॉल आणि ट्रंपेटवादक फिल कोहरॅन हे ते चौघे. क्लब बंद पडत होते. जे उरले होते तिथे ग्राहकांना ओळखीची गाणी हवी असत. त्या बैठकीतून असोसिएशन फॉर द अॅडव्हान्समेंट ऑफ क्रिएटिव्ह म्युझिशियन्स ही संस्था उभी राहिली. सगळे तिला एएसीएम म्हणतात. त्याच वर्षी पुलित्झर पारितोषिकाच्या संगीत विभागाच्या परीक्षकांनी जॅझचे थोर संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांचा विशेष सन्मान करावा अशी शिफारस केली आणि पुलित्झर मंडळाने ती नाकारली. एलिंग्टन यांच्यासारख्या माणसाला संगीतकार म्हणायला देश तयार नव्हता, अशा काळात या लोकांनी आपल्या संस्थेचा पाया म्हणून एक अट घातली: आपल्या कार्यक्रमात आपण आपल्याच रचना वाजवायच्या.

ही अट मला त्यांच्या सगळ्या प्रयोगांपेक्षा महत्त्वाची वाटते. लोकप्रिय गाण्यांची यादी घेऊन बसायची सोय तिने काढून घेतली. सॅक्सोफोनवाला असो की ड्रमर, त्याला लिहावं लागलं. आज माझी रचना तुम्ही वाजवायची, पुढच्या वेळी तुमची मी. असं झालं की माणसाला दोन्ही बाजू कळतात. ड्रमरकडे आपण काय मागतोय, किती जागा सोडतोय, कुठे त्याचे हात बांधतोय, हे लिहिणाऱ्याला जाणवतं. आणि दुसऱ्याची रचना वाजवताना आपल्या बोटांना सवय नसलेल्या ठिकाणी जावंच लागतं. मोकळं वाजवताना तेच ते निघतं त्याचं कारण बोटांची सवय हेच असतं. सवयीबाहेर जायला दुसऱ्याने लिहिलेलं काहीतरी समोर लागतं.

एएसीएमच्या आधीपासून, 1960च्या दशकाच्या सुरुवातीपासून, अब्राम्स एक्सपेरिमेंटल बँड चालवत होते. कार्यक्रमांपेक्षा तालमीसाठीच असलेला हा वाद्यवृंद होता. कुणीही लिहून आणावं आणि ते प्रत्यक्ष वाजलेलं ऐकावं, हा त्याचा उपयोग. अब्राम्स यांचं बरंचसं शिक्षण स्वतःच्या हिमतीवर झालेलं. जोसेफ शिलिंगर यांची रचनापद्धती त्यांनी ग्रंथांवरून अभ्यासली आणि तरुणांना दिली. 1967मध्ये संस्थेने वस्तीतल्या मुलांसाठी मोफत संगीतशाळाही सुरू केली.

आता 'अभिजात' या भागाकडे येते. जॅझ आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत एकत्र आणण्याचा प्रयत्न याआधी झालाच होता. गुंथर शुलर यांनी 1957मध्ये त्याला थर्ड स्ट्रीम असं नाव दिलं. त्यातली काही कामं मला फार आवडतात. पण बऱ्याच ठिकाणी सांधा ऐकू येतो. तंतुवाद्यांचा ताफा लिहिलेलं वाजवतो, मग जॅझवाले आपापले एकल तुकडे वाजवतात, मग ताफा परततो. तुमच्या तिघांचं आज जे होतंय ते हेच. एएसीएमच्या लोकांनी दोन परंपरा शेजारी मांडल्या नाहीत. त्यांना हवी ती हत्यारं त्यांनी सरळ उचलली: लांब पल्ल्याची बांधणी, शांततेचा हिशेब, वाद्याचा पोत, स्कोअर लिहिण्याची शिस्त. संस्थेतले सॅक्सोफोनवादक जोसेफ जार्मन यांनी 1965मध्येच शिकागोत प्रायोगिक संगीतकार जॉन केज यांच्यासोबत कार्यक्रम केला. दुसरे सॅक्सोफोनवादक अँथनी ब्रॅक्स्टन यांना शोनबर्ग आणि स्टॉकहाउझेन हे आधुनिक युरोपीय संगीतकार जितके जवळचे, तितकंच लष्करी बँडचं मार्च संगीतही.

सगळ्यात जास्त शिकण्यासारखे मला सॅक्सोफोनवादक रॉस्को मिचेल वाटतात, म्हणून त्यांच्यावर जरा थांबते. तुम्ही ऐकलेला आर्ट एन्सेम्बल याच संस्थेतून, मिचेल यांच्या गटातून उभा राहिला.

1966चं त्यांच्या सेक्स्टेटचं, म्हणजे सहा जणांच्या गटाचं, 'साउंड' हे एएसीएमच्या वादकांचं पहिलं प्रसिद्ध झालेलं ध्वनिमुद्रण. त्यात लेस्टर लॅशली ट्रॉम्बोनसोबत चेलोही वाजवतात, म्हणून मला ते विशेष प्रिय. शीर्षकाच्या रचनेत ठेका जवळजवळ नाहीच. एकेक स्वर येतो, त्याचा पोत बदलतो, तो खरखरतो, फाटतो, विरतो, आणि मग बराच वेळ काही नाही. त्या काळी मोकळं जॅझ म्हणजे दम लागेपर्यंत घनघोर वाजवणं अशीच बहुतेकांची समजूत होती. या मंडळींनी शांततेलाही स्वराइतकंच वजन दिलं.

मग त्यांची 'नोना' ही रचना. तिच्या बीजात उड्या मारणारं, टोकदार, छोटं वाक्य आहे. 1976मध्ये स्वित्झर्लंडमधल्या विलिसाऊच्या महोत्सवात ब्रॅक्स्टन यांच्याऐवजी मिचेल एकटे अल्टो सॅक्सोफोन घेऊन उभे राहिले. श्रोते आलेले दुसऱ्याला ऐकायला, त्यामुळे सभागृहात कुरबूर. मिचेल यांनी ते सुरुवातीचं वाक्य वाजवलं, पुन्हा वाजवलं, पुन्हा वाजवलं, आणि कितीतरी मिनिटं तेच वाजवत राहिले. हळूहळू त्यातला एखादा स्वर दाबला गेला, एखादा किंचाळला, आणि सभागृह त्यांच्या बाजूला वळलं. हे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, जरूर ऐका. लिहिलेली ओळ इथे कणभरही सोडलेली नाही, तरी जे घडतंय ते पूर्णपणे त्या क्षणाचं आहे. हीच रचना त्यांनी पुढे चार अल्टो सॅक्सोफोनसाठी केली. त्यात स्वतः मिचेल, जार्मन, वॉलेस मॅकमिलन आणि एएसीएमचेच हेन्री थ्रेडगिल होते. नंतरही निरनिराळ्या वाद्यसंचांसाठी ते तिच्याकडे परत येत राहिले. एक बीज आणि त्यावर अनेक दशकांचं काम.

तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात थेट उत्तर मात्र त्यांच्या शिकवण्याच्या पद्धतीत आहे. नवशिक्या गटांत मिचेल यांना एक दोष सतत दिसे. एकाने काहीतरी वाजवलं की दुसरा लगेच त्याचीच नक्कल करतो. त्यांच्या मते हे लिहिलेली रचना वाजवताना एक पाऊल मागे राहण्यासारखंच चुकीचं आहे. त्यावर त्यांनी कार्डांचा उपाय काढला. प्रत्येक वादकाला लिहिलेल्या सुरावटींची काही कार्डं द्यायची. क्रम त्याने ठरवायचा, लय त्याने ठरवायची, मध्ये किती थांबायचं तेही त्यानेच. हातात स्वतःची सामग्री आली की माणूस शेजाऱ्याच्या मागे धावत नाही. तो ऐकतो, पण ऐकून आपलं काहीतरी ठरवतो.

आता तुम्ही सतारवादक आहात म्हणून थोडं स्पष्ट लिहिते. हे सगळं वाचून 'म्हणजे आपल्या बंदिशीसारखं आणि विस्तारासारखंच की' असं मनात येईल. काही अंतरापर्यंत ते खरं आहे, त्यापुढे ते तुम्हाला अडवेल. आपल्याकडे राग आणि ताल सगळ्यांना आधीपासून माहीत असतात, म्हणून बंदीश चार ओळींची असून भागते. इथे प्रत्येक रचनेचं व्याकरण नवं असतं आणि ते लिहिणाऱ्यालाच घडवावं लागतं. दुसरं म्हणजे साथ. गायकाच्या ओळीमागून सावलीसारखं जाणं हे आपल्याकडच्या हार्मोनियम-सारंगीच्या साथीचं मोठं कसब आहे, आणि सतारीच्या मैफलीत सवाल-जवाबाला हमखास दाद मिळते. मिचेल ज्याला दोष म्हणतात तो दोष आणि हे कसब बाहेरून अगदी एकसारखे दिसतात. म्हणून पहिले काही महिने सवाल-जवाब पूर्ण बंद ठेवा. व्हायोलिनने एखादी ओळ म्हटली की तुमची बोटं ती उचलायला धावतील, इतक्या वर्षांची तालीम आहे. त्या वेळी हात तारेवरून उचला.

लिहिलेलं निर्जीव होतं, या तक्रारीला मिचेल यांच्याच कामात आणखी एक उत्तर आहे. पियानोवादक क्रेग टेबोर्न आणि ड्रमर किकांजू बाकू यांच्यासोबत त्यांनी 2013मध्ये त्रयीत मोकळं वाजवून ध्वनिमुद्रित केलं. नंतर त्यातल्या वादनाचं काटेकोर लिप्यंतर करवून त्यावरून मोठ्या वाद्यवृंदासाठी रचना तयार केल्या. काही ठिकाणी त्या लिहिलेल्या वाद्यवृंदावर पुन्हा मोकळं वादन केलं. म्हणजे उपज, मग लिखाण, मग पुन्हा उपज. अशा लिखाणात बोललेल्या भाषेचा चढउतार उरतो, कारण ते मुळात बोललेलंच असतं. टेबलाशी बसून, चार मात्रांचे चौकोन आखून लिहिलेल्या ओळीत तो सहसा येत नाही. मी स्वतः चेलोसाठी लिहिते तेव्हा आता आधी वाजवते आणि मगच कागद घेते.

दुसरा मार्ग थ्रेडगिल यांचा, आणि तो तुमच्या त्रयीला कदाचित जास्त जवळचा पडेल. त्यांच्या झूइड या गटात कॉर्डची चौकट काढून टाकलेली आहे. त्याऐवजी रचनेच्या प्रत्येक भागाला स्वरांतरांचे छोटे संच दिलेले असतात, आणि वादकांनी लिहिलेलं संपल्यावरही त्याच अंतरांच्या आधाराने पुढे जायचं असतं. त्यामुळे लिहिलेलं कुठे संपलं आणि सुचलेलं कुठे सुरू झालं हे श्रोत्याला सांगता येत नाही. अनेकदा मलाही येत नाही. त्यांच्या 'इन फॉर अ पेनी, इन फॉर अ पाउंड' या कामाला 2016चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. पाच जणांसाठी लिहिलेल्या या कामाचे मोठे भाग एकेका वादकाला समोर ठेवून रचलेत: एक ड्रम्ससाठी, एक चेलोसाठी, एक ट्रॉम्बोन आणि ट्यूबासाठी, एक गिटारसाठी. चेलोचा भाग क्रिस्टोफर हॉफमन वाजवतात. चेलो एका क्षणी बेसचं काम करतो, पुढच्या क्षणी मुख्य आवाज होतो, आणि हे बदल लिहिणाऱ्याने वादकाचा स्वभाव ओळखून पेरलेले आहेत. जाता जाता एक गोष्ट आपल्याकडची. हेच थ्रेडगिल 1990च्या दशकात काही काळ गोव्यात घर करून राहिले होते. त्यांच्या संगीतात गोव्याची सुरावट चिकटवलेली मला कुठेही ऐकू येत नाही, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

हे तुम्हालाही लागू आहे. पियानोवर यमन आणि त्याखाली कॉर्ड, असलं काही करू नका. पियानोला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही आणि त्याचे स्वर ठरलेल्या अंतरांवर बांधलेले आहेत. त्यावर राग मांडायला गेलात तर सतारीचं नुकसान होतं आणि पियानोचंही. त्यापेक्षा तुमच्या वाद्यात जे आहे ते रचनेचा पाया करा. रचनेसाठी तीन-चार स्वरांतरं ठरवा आणि तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या आपोआप झंकारणाऱ्या तारा, रागाऐवजी त्या संचात लावा. मग तुम्ही काहीही वाजवलंत तरी वाद्य स्वतःच त्या व्याकरणाची आस देत राहील, आणि पियानो व व्हायोलिनच्या वादकांना कानाला एक खूण मिळेल. पडदे सरकवता येतात, त्याचाही विचार करा. षड्जाचा झंकार मात्र पहिल्या रचनांत बंद ठेवा. तो चालू असला की ऐकणाऱ्याचा कान सगळं षड्जाशीच ताडून पाहतो आणि बाकी दोघं आपोआप साथीदार होतात.

लेखनपद्धतीचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच. मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत वर्षानुवर्षं अशी वाटणी होती की गोव्याकडचे वादक स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचून वाजवत आणि सतार-सारंगीवाले कानाने किंवा सरगम लिहून घेत. ती वाटणी कामापुरती उत्तम चालली. तुमच्या गटात ती राहू देऊ नका, नाहीतर वाचणारे वाचतच राहतील आणि सुचणारे सुचवतच राहतील. तुम्ही स्टाफ नोटेशन निदान सावकाश वाचण्याइतकं शिका, आणि त्या दोघांनी कानाने ओळ उचलायला शिकावं. तिघांना मिळून वाचता येईल असा तिसरा कागदही करता येतो. एएसीएमचेच ट्रंपेटवादक वाडाडा लिओ स्मिथ यांची अंख्रास्मेशन नावाची पद्धत रंग आणि आकारांवर चालते. पण तिथेही वाटेल ते वाजवायची मोकळीक नाही. एका रंगाचा अर्थ काय घ्यायचा हे वादकाने आधी अभ्यास करून ठरवायचं आणि रचनाभर तो अर्थ पाळायचा. तुम्ही साधी कालरेषा आखून सुरू करा: कितव्या मिनिटाला कोण गप्प, कुठे एकच वाद्य, कुठे लिहिलेली ओळ तिघांनी मिळून. 'इथे मोकळं वाजवा' एवढंच लिहिलेली जागा कागदावर ठेवू नका. मोकळ्या जागेलाही अट द्या. फक्त दोन स्वर, किंवा फक्त खर्ज, किंवा शेजाऱ्यापेक्षा नेहमी कमी स्वर, असं काहीतरी. अट जितकी नेमकी, तितकं तिच्यातून बाहेर येणारं वाजवणं ताजं, हा माझा ठाम अनुभव आहे.

कामाची पद्धत अशी ठेवा. तिघांपैकी प्रत्येकाने बाकी दोघांसाठी एक पानाची रचना लिहायची, स्वतःला त्यात कमीत कमी काम ठेवून. ती सात-आठ मिनिटांपेक्षा लांब नको. मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि लगेच ऐकू नका. वाजवून झाल्या झाल्या ऐकलं की आपण काय करायला गेलो होतो तेच ऐकू येतं, काय झालं ते नाही. दुसऱ्या दिवशी ऐका, त्यातली चांगली दोन मिनिटं निवडा, ती स्वर-अन्-स्वर लिहून काढा आणि दुसऱ्याच वाद्याला द्या. सतारीने सुचवलेलं व्हायोलिन वाजवेल तेव्हा त्यात काय खरं होतं ते कळेल. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही.

गोंधळाबद्दल थोडं. आर्ट एन्सेम्बलची मंडळी 1969च्या उन्हाळ्यात पॅरिसला गेली आणि सुमारे दोन वर्षं फ्रान्समध्ये राहिली. रंगमंचावर घंटा, शिट्ट्या, भोंगे, गोंग अशी शेकडो छोटी वाद्यं मांडलेली, काहींचे चेहरे रंगवलेले. पाहणाऱ्याला वाटायचं, हे मनात येईल ते करतायत. प्रत्यक्षात ते पॅरिसबाहेर एकत्र राहत आणि सतत तालीम करत. त्यांच्या कार्यक्रमात लिहिलेल्या रचना विखुरलेल्या असत, आणि वाटेत कुणी एखाद्या रचनेची खूण दिली की बाकीचे तिकडे वळत. इतक्या रचना अंगात मुरलेल्या असल्याशिवाय असं वळता येत नाही. तुम्हाला जे पक्कं ठरलेलं जाणवलं ते हेच असावं.

संस्था म्हणून ते कसे टिकले, हेही बघा. वर्गणी स्वतःची, कार्यक्रम स्वतःच लावलेले, जागा चर्चमध्ये नाहीतर विद्यापीठात नाहीतर सामाजिक केंद्रात मिळेल ती. तुम्ही तिघांनीही सभागृह आणि आयोजकाची वाट न पाहता एखाद्या शाळेचा वर्ग, वाचनालयाची खोली किंवा कुणाचा दिवाणखाना मागा. वीस-पंचवीस लोकांसमोर नियमितपणे वाजवलेलं या संगीताला फार मानवतं.

ऐकायचा क्रमही देते, कारण चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली तर माणूस दमतो. आधी आर्ट एन्सेम्बलचं 1969चं 'पीपल इन सॉरो' ऐका. चाळीस मिनिटांची एकच रचना आहे, आणि मिचेल यांची मूळ धून त्यात इतकी सावकाश उमटते की ती आली हे कळायलाही वेळ लागतो. मग 'साउंड'. मग विलिसाऊची 'नोना', आणि लगेच चार सॅक्सोफोनची. तुमच्या व्हायोलिनवाल्या मित्राला लेरॉय जेन्किन्स ऐकायला द्या. एएसीएमचा हा व्हायोलिनवादक पुढे न्यू यॉर्कमध्ये रेव्होल्यूशनरी एन्सेम्बलमध्ये होता, आणि त्याचा गज तारेवर इतका दाबून चालतो की अभिजात पद्धतीने शिकलेल्याला आधी दचकायला होतं. चेलोसाठी अब्दुल वदूद यांचं 1977चं एकल ध्वनिमुद्रण 'बाय मायसेल्फ'. हे सेंट लुइसच्या ब्लॅक आर्टिस्ट्स ग्रुपच्या वादकांसोबत वाजवणारे, आणि न्यू जर्सी सिंफनीतही वाजवलेले. आजच्या पिढीतली एएसीएमची चेलोवादक टोमेका रीड तुमच्या मैत्रिणीला आवडेल. तिच्या गटांत तंतुवाद्यं चालही धरतात आणि लिहिलेलं मोकळंही करतात. थ्रेडगिल शेवटी ठेवा, आणि पहिल्यांदा ऐकताना पूर्ण वेळ एकाच वाद्यावर कान ठेवा. चेलोच्या भागात ट्यूबावर ठेवलात तरी चालेल. तिथे कोण कुणाला साथ करतंय हे शोधत बसू नका. पुढच्या ऐकण्यात दुसरं वाद्य घ्या, मग पाचही एकत्र.